एक-वीस म्हणजे किती?

सातबाऱ्यावर क्षेत्राच्या रकान्यात १.२० असा आकडा असतो. महसूल खात्याच्या लेखी तो एक हेक्टर वीस आर, म्हणजे तीन एकराला जरासा कमी. कळंब किंवा परंडा तालुक्यातला एखादा वयस्कर शेतकरी हाच आकडा ‘एक-वीस’ असा तोंडी सांगतो, तेव्हा त्याच्या मनात एक एकर वीस गुंठे असू शकतात. चाळीस गुंठ्यांचा एकर हे माप त्याच्या अंगात भिनलेले असते आणि त्या मापाने एक-वीस म्हणजे दीड एकर. दोन अर्थांत जवळजवळ दुपटीचा फरक पडतो. सेतू केंद्रात बसलेला मुलगा अशा वेळी मान वर करून विचारतो, ‘आबा, एकर का हेक्टर?’ हा चार शब्दांचा प्रश्न कुठल्याही सरकारी माहितीपुस्तिकेत छापलेला नाही. तो त्या मुलाच्या डोक्यात आहे.

आता त्या खुर्चीत अधूनमधून एआय एजंट बसू लागला आहे. महाराष्ट्र शासनाने मे २०२५ मध्ये ‘महाविस्तार’ हे मराठीत उत्तरे देणारे ॲप शेतकऱ्यांसाठी आणले. पाठोपाठ जूनमध्ये मंत्रिमंडळाने २०२५ ते २०२९ साठी ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर केले आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद ठरवली. ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सॲपवर आणण्याचा करार त्याआधी फेब्रुवारीत झाला होता. आज यातले बरेचसे काम माहिती सांगण्यापुरते आहे. पण ओघ कुठे चालला आहे हे दिसते. सांगण्याकडून करण्याकडे: अर्ज भरणे, स्थिती तपासणे, तक्रार नोंदवणे. आणि एजंट काही करतो ते टूलच्या मार्फत. म्हणून धाराशिवसारख्या जिल्ह्यासाठी माझ्या मते सर्वात निकडीचा प्रश्न एजंटमागचे मॉडेल किती हुशार आहे हा नाही. त्याच्या हाती दिलेल्या टूलचे वर्णन कोणी लिहिले आणि ते कोणी तपासले, हा आहे.

टूल म्हणजे एजंटला बोलावता येणारी संगणकावरची एक सोय: बाजारभाव आणून देणारी, हवामान सांगणारी, खाते उतारा काढणारी. प्रत्येक टूलसोबत थोडा मजकूर असतो. टूलचे नाव, ते काय करते, त्याला कोणती माहिती द्यायची, ते काय परत देते. मॉडेलला त्या टूलच्या आतली यंत्रणा दिसत नाही, हा मजकूर तेवढा दिसतो. माणूस पडद्यावरचा रंग पाहतो, बटणाची जागा ओळखतो, शेजाऱ्याला विचारतो. मॉडेलपुढे फक्त शब्द असतात. त्यामुळे त्याच्यासाठी टूलचे वर्णन हेच टूल.

इथवरचा प्रवास झपाट्याने झाला. एखादे टूल कधी बोलवावे हे मॉडेल स्वतः शिकू शकते, असे मेटाच्या संशोधकांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘टूलफॉर्मर’च्या निबंधात दाखवले. जून २०२३ मध्ये ओपनएआयने ठरावीक साच्यात लिहिलेली टूल मॉडेलला देण्याची सोय सर्व विकासकांना खुली केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ जाहीर केला. त्यामुळे एकदा लिहिलेले टूल वेगवेगळ्या कंपन्यांच्या एजंटांना जोडता येऊ लागले. जोडणी सोपी झाली तशी टूलची संख्या बेसुमार वाढली. वर्णनाचा दर्जा त्या वेगाने वाढला नाही.

वर्णनात नेमके काय सुधारले की काम सुधारते, याचे चांगले पुरावे संगणक-आज्ञावली दुरुस्त करणाऱ्या एजंटांकडून आले. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २०२४ मध्ये ‘एसडब्ल्यूई-एजंट’वर काम करताना मॉडेल तेच ठेवले आणि फक्त त्याच्या हातची अवजारे बदलली. पूर्ण फाइल ओतण्याऐवजी एका वेळी तिचा शंभरेक ओळींचा तुकडा दाखवला, आणि एजंटने चुकीची दुरुस्ती केली तर ती तिथेच नाकारून चूक काय आहे ते सांगितले. एवढ्याने निकाल ठळकपणे सुधारले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अँथ्रॉपिकच्या अभियंत्यांनी लिहिले की त्यांचा अधिक वेळ मुख्य सूचना घासण्यापेक्षा टूल घासण्यात गेला. त्यांचा एजंट फाइलचा अर्धवट पत्ता देऊन चुकत होता. टूलने पूर्ण पत्ताच मागायचा असे ठरवल्यावर ती चूक थांबली.

अर्धवट पत्त्याची ही गोष्ट धाराशिवच्या माणसाला शिकवावी लागत नाही. जिल्ह्यात आठ तालुके आहेत: धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, वाशी, भूम आणि परंडा. त्यातला कळंब हा तालुका यवतमाळ जिल्ह्यातही आहे. वाशी म्हटले की राज्यातल्या बहुतेकांना, आणि म्हणून बहुतेक मॉडेलांनाही, नवी मुंबईची बाजार समिती आठवते. वाशी तालुक्यातल्या शेतकऱ्याने ‘वाशीला कांद्याचा काय भाव निघाला’ असे विचारले आणि टूलमध्ये फक्त बाजाराच्या नावाचा रकाना असेल, तर साडेतीनशे किलोमीटरवरचा भाव त्याच्या हाती पडेल. तो आकडा खरा असेल, टूल बिघाडाशिवाय चाललेले असेल, नोंदीत ‘यशस्वी’ असे लिहिले जाईल. फक्त त्या माणसाने गाडी भरायची की थांबायचे हा निर्णय चुकीच्या आकड्यावर घेतलेला असेल.

आणि खुद्द जिल्ह्याचे नाव. केंद्राने फेब्रुवारी २०२३ मध्ये उस्मानाबाद शहराच्या ‘धाराशिव’ या नव्या नावाला मान्यता दिली, सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याच्या नावाची अधिसूचना निघाली, रेल्वे स्थानकाचे नाव २०२५ मध्ये बदलले आणि त्यासोबत ‘यूएमडी’ हा स्थानकाचा जुना संकेतांक जाऊन ‘डीआरएसव्ही’ आला. तरी २०११ च्या जनगणनेच्या तक्त्यांत, जुन्या पीक आकडेवारीत, न्यायालयीन निकालांत उस्मानाबादच आहे. उमरगा कुठे उमरगा, तर रोमन लिपीत कुठे ‘ओमेरगा’. एखाद्या टूलच्या यादीत जिल्ह्याचे एकच नाव असेल आणि एजंटने दुसरे दिले, तर परत येते रिकामी यादी. रिकामी यादी ही सर्वात वाईट चूक, कारण एजंट तिचा अर्थ ‘या जिल्ह्यात अशी नोंद नाही’ असा लावतो आणि शेतकऱ्याला तसे ठामपणे सांगून मोकळा होतो.

उपाय साधा आहे. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाची ‘लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी’ प्रत्येक जिल्ह्याला, तालुक्याला, गावाला संकेतांक देते. टूलने तो मागावा. पण नुसता आकडा मॉडेलला काही सांगत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अँथ्रॉपिकने टूल-लेखनावर स्वतंत्र टिपण काढले, त्यात अर्थहीन ओळख-क्रमांकांऐवजी वाचता येणारी नावे परत दिली की एजंट कमी चुकतात, हे निरीक्षण आहे. म्हणजे शासनाला संकेतांक हवा आणि मॉडेलला नाव हवे. दोन्ही द्यावे. ‘कळंब, जिल्हा धाराशिव, पूर्वीचे नाव उस्मानाबाद’ असे लिहून सोबत संकेतांक. आणि नावावरून एकच तालुका ठरत नसेल तर रिकामी यादी न देता टूलने म्हणावे: ‘या नावाचे दोन तालुके आहेत, कोणता ते विचारा.’

माझ्या दृष्टीने या सगळ्या विषयाचा गाभा सोयाबीनच्या विम्यात आहे. खरीप २०२० मध्ये परतीच्या पावसाने जिल्ह्यात काढणीला आलेले आणि काढून गंजी लावलेले सोयाबीन भिजले. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत नुकसानीची माहिती ७२ तासांत कळवण्याची अट होती. ऑक्टोबर २०१८ पूर्वी ही मुदत ४८ तासांची होती, ती वाढवून ७२ केली गेली. महसूल यंत्रणेने पंचनामे केले, नुकसान झाले होते यात शंका नव्हती, पण मुदतीत कळवले नाही या कारणाने असंख्य दावे अडले. साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांचा हा प्रश्न उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेला. मे २०२२ मध्ये निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. एका ओळीच्या अटीने अख्खा जिल्हा दोन वर्षे न्यायालयाकडे डोळे लावून बसला.

या कळवण्याला विम्याच्या भाषेत ‘पूर्वसूचना’ म्हणतात. नुकसान झाल्यानंतर द्यायची ती पूर्वसूचना! विमा प्रतिनिधी पाहणीला येण्यापूर्वी द्यायची म्हणून ती पूर्व. आमच्याकडच्या शेतकऱ्याला हा शब्द आता सवयीने कळतो. मॉडेलला मात्र ‘नुकसानीची पूर्वसूचना’ एवढेच नाव असलेले टूल दिले, तर उद्या अतिवृष्टीचा अंदाज आहे म्हणून आजच ते बोलवावे असे त्याला वाटणे चुकीचे म्हणता येणार नाही. शब्द त्याला तेच सांगतो. अशा टूलच्या वर्णनात पहिली ओळ अशी हवी: नुकसान झाल्यावरच वापरा, तास कधीपासून मोजायचे ते असे, गट क्रमांक, पीक आणि नुकसानीचे कारण शेतकऱ्याला विचारल्याशिवाय भरू नका.

आणि एवढे करूनही ते वर्णन एका वर्षात शिळे झाले असते. खरीप २०२५ पासून महाराष्ट्राने एक रुपयात विमा बंद केला, सोयाबीनसारख्या खरीप पिकांसाठी शेतकऱ्याचा हिस्सा दोन टक्क्यांवर आणला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पादनाशी जोडली. स्थानिक आपत्ती आणि काढणीपश्चात नुकसान यांचे वैयक्तिक संरक्षण राज्याच्या योजनेतून निघाले. त्याच वर्षी सप्टेंबरात भूम-परंड्यात पुराने शेतेच्या शेते खरवडून गेली. ज्याच्या डोक्यात ‘७२ तासांत कळवा’ पक्के बसले होते, त्याने त्या दिवसांत नेमके काय करायला हवे होते? पंचनाम्याकडे लक्ष द्यायला हवे होते, कारण मदत त्या वाटेने येणार होती. जुने वर्णन वाचणारा एजंट त्याला अदबीने, शुद्ध मराठीत चुकीच्या दारावर उभे करील. म्हणून शासकीय योजनांच्या टूलवर मला एक गोष्ट सक्तीची वाटते: कोणत्या हंगामापासून कोणत्या हंगामापर्यंत हे वर्णन लागू आहे आणि कोणत्या शासन निर्णयावर ते आधारलेले आहे. हंगाम संपला की टूलने स्वतःहून ‘माझी मुदत संपली’ म्हणायला हवे. कीटकनाशकाच्या बाटलीवर जशी मुदतीची तारीख असते तशी.

जवळजवळ सारख्या नावांची टूल हा आणखी एक खड्डा. भूलेखच्या संकेतस्थळावर सातबारा फुकट पाहता येतो, पण तो माहितीपुरता. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपये भरून मिळतो आणि तो कामाला चालतो. ‘सातबारा काढून दे’ या वाक्याने दोन्ही टूल जागी होतात. शेतकऱ्याला तो बँकेत द्यायचा आहे की नुसता आपला हिस्सा बघायचा आहे, हे विचारायला वर्णनाने शिकवले पाहिजे. शिवाय सातबाऱ्यातले ‘क्षेत्र’ म्हणजे कोणते? लागवडीयोग्य, पोटखराब धरून एकूण, की सामाईक खात्यातला आपला वाटा? पीक विम्याला एक लागते, कर्जाला दुसरे. तलाठी, म्हणजे आताचा ग्राम महसूल अधिकारी, हे झोपेतही सांगेल. टूल लिहिणारा अभियंता त्याच्याशी कधी बोललेला नसतो.

आता पारख. टूल आणि एजंट यांची जोडी नीट चालते की नाही, हे मोजण्याच्या पद्धती तीन-चार वर्षांत बऱ्याच निघाल्या. बर्कलीची ‘फंक्शन कॉलिंग लीडरबोर्ड’ ही सर्वात ओळखीची. मॉडेलने योग्य टूल निवडले का, रकाने बरोबर भरले का, हे ती तपासते. तिची मला आवडलेली बाजू अशी की कोणतेच टूल लागू नसेल तेव्हा मॉडेल हात आवरते का, हेही ती बघते. पीक पाहणीचे उदाहरण घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून फोटो काढायचा असतो आणि त्यासोबत त्या जागेचे अक्षांश-रेखांश जातात. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने लोहाऱ्याच्या शेताची पाहणी ‘करून टाक’ म्हटले, तर योग्य उत्तर एकच: हे इथून होणार नाही. असे म्हणण्याचे गुण कुठल्या परीक्षेत मिळतात, हे पाहूनच ती परीक्षा निवडावी.

दुसरी पद्धत अधिक खोल जाते. सिएरा कंपनीच्या संशोधकांनी जून २०२४ मध्ये मांडलेली ‘टाऊ-बेंच’ दुकानदारी आणि विमान तिकिटे या दोन क्षेत्रांत ग्राहकाचे सोंग घेतलेल्या मॉडेलशी एजंटला बोलायला लावते. शेवटी संभाषण किती गोड झाले हे ती पाहत नाही. नोंदवहीत अखेरीस काय उरले, ते हव्या असलेल्या नोंदीशी जुळवून पाहते. आणि एकच काम पुन्हा पुन्हा देते. तेव्हाचे नावाजलेले मॉडेलही निम्म्यापेक्षा कमी कामे पार पाडू शकले, आणि दुकानदारीतले तेच काम आठही वेळा बरोबर करण्याचे प्रमाण तर २५ टक्क्यांच्या खाली गेले. मॉडेल पुढे सुधारली, पण मोजण्याची ही रीत टिकाऊ आहे. दहापैकी नऊ वेळा बरोबर येणारा एजंट ऐकायला चांगला वाटतो. प्रत्येक वेळ स्वतंत्र धरली तर सलग आठ वेळा बरोबर येण्याची त्याची शक्यता ४३ टक्के उरते. एका गावातल्या आठ खातेदारांपैकी कोणाचा अर्ज चुकला, हे तो सांगू शकत नाही. ते खातेदाराला बँकेच्या खिडकीवर कळते.

या परीक्षांची उणीव अशी की त्यातला ग्राहक नीटस बोलतो. धाराशिवचा माणूस ‘सोयाबीनला पिवळेपणा आलाय’ म्हणतो. ते लोहाची कमतरता असू शकते किंवा पिवळा मोझॅक, आणि दोन्हींचे उपाय वेगळे. तो क्षेत्र एकरात सांगतो, उतारा ‘एकरी किती पोती’ असा सांगतो, भाव क्विंटलचा विचारतो. वडिलांच्या नावावरची जमीन ‘माझी’ म्हणतो, कारण फेरफार अजून झालेला नाही. जुन्या वादात निजामकाळातला उर्दू किंवा मोडी कागद काढतो, ज्यावर फसली सन असते. कोणत्या सनातले वर्ष हवे आहे हे टूलने सांगितले नाही, तर मॉडेल ते इसवी सन समजून चालते. या बोलण्यावर टूल पारखायचे तर वाक्ये इथूनच गोळा करावी लागतील. सेतू केंद्रचालक, सहायक कृषी अधिकारी, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे विद्यार्थी यांनी मिळून एका हंगामाची दोन-तीनशे खरी वाक्ये लिहून काढली, प्रत्येकापुढे ‘नोंदवहीत शेवटी हे दिसले पाहिजे’ असे लिहिले, आणि टूलचे वर्णन बदलले की तीच वाक्ये पुन्हा चालवली, तर तेवढ्याने कुठल्याही जागतिक गुणतक्त्यापेक्षा जास्त कळेल. यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. लागतो तो अशा माणसांचा वेळ, आणि त्याचे मानधन द्यायची तयारी.

भाषेबाबत एक मत नोंदवतो. टूलचे सगळे वर्णन मराठीतच हवे असा माझा आग्रह नाही. इंग्रजी वर्णन मॉडेलांना नीट समजते आणि ते थोडक्यात बसते. पण त्यातली उदाहरणे, पर्यायी नावे आणि परत येणारे चूक दाखवणारे संदेश मराठीत हवेत. देवनागरी अंक आणि इंग्रजी अंक दोन्ही चालतील हे तिथे स्पष्ट लिहिलेले हवे. चूक दाखवणारा संदेश तर शेवटी माणसापर्यंत पोहोचतो.

सुरक्षिततेच्या बाजूला थोडी प्रगती आहे. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये २०२५ पासून प्रत्येक टूलवर खूण करता येते: हे फक्त वाचते, की काही बदलते, की बदल मोडतोड करणारा आहे. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये इन्व्हेरिअंट लॅब्सने दाखवले की टूलच्या वर्णनातच छुपी आज्ञा पेरून एजंटला फितवता येते. म्हणजे वर्णनावर आंधळा विश्वासही धोक्याचा. पैसे, आधार आणि ओटीपी यांच्याजवळ जाणाऱ्या टूलचे वर्णन कोणी बदलले, कधी बदलले याची फेरफारासारखी नोंद असायला हवी. ‘परतीची वाट’ हा रकानाही प्रत्येक वर्णनात असावा. ई-पीक पाहणीत २०२२ पासून शेतकऱ्याला आपली नोंद ४८ तासांत एकदा दुरुस्त करता येऊ लागली. दुरुस्तीची अशी मुदत किती, हे एजंटला माहीत असेल तर तो काम झाल्यावर गप्प बसणार नाही. ‘उद्या संध्याकाळपर्यंत एकदा तपासून घ्या’ असे सांगेल.

शेवटी एक रकाना उरतो आणि तो मला सर्वात जास्त टोचतो. शेतीच्या अनेक टूलमध्ये खाते क्रमांक किंवा शेतकरी ओळख क्रमांक अनिवार्य असतो. १९९३ च्या भूकंपानंतर या भागात रुजलेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ने धाराशिव-लातूरच्या बायकांना घरच्या जमिनीतला एकेक एकर मागून त्यात डाळी, भाज्या, ज्वारी-बाजरी घ्यायला शिकवले. तो एकर ती कसते, बियाणे ती ठरवते, कीड पडली तर पहिल्यांदा तिच्या लक्षात येते. सातबाऱ्यावर नाव मात्र सासऱ्याचे किंवा नवऱ्याचे असते. ती एजंटला विचारेल, ‘माझ्या तुरीवर अळी पडलीय, काय फवारू?’ तुरीवरच्या अळीला खाते क्रमांकाची गरज नाही. टूल लिहिणाऱ्याने तो रकाना ‘अनिवार्य’ऐवजी ‘असल्यास’ केला, तर तिला उत्तर मिळेल. मी पारखणारा असतो, तर चाचणीच्या यादीत तिचे वाक्य पहिल्या क्रमांकावर घातले असते आणि ते पास होईपर्यंत बाकीची यादी उघडली नसती.